मांडवाबाहेर गेलेलं मन

आमच्याकडे लग्नाचा भिंतीवरचा चौक नुसता काढत नाहीत, तो आधी गावा लागतो. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, भिंतीसमोर बसून गाते आणि सवाशिणी तांदळाच्या पिठात काडी बुडवून तिच्या मागोमाग काढत जातात. तिने सूर्य गायला की सूर्य, चंद्र गायला की चंद्र. तिने जे गायलं नाही ते भिंतीवर येत नाही. काढणाऱ्या बायांना सगळं ठाऊक असतं, पण धवलेरी गात असताना मधे तोंड उघडायचं नाही, आठवण करून द्यायची नाही, ही आमच्या पाड्याची रीत. मधे बोलू शकते ती फक्त दुसरी धवलेरी.

माझी बायको नवशी धवलेरी आहे. सायवनच्या आसपास किती घरांची लग्नं तिने लावली ते तिला स्वतःलाही सांगता येणार नाही. ज्यांची लावली त्यांच्या पोरांचीही लावली.

मागच्या उन्हाळ्यात वरच्या पाड्यावर एक लग्न होतं. नवशीने फणी गायली, पुढे शिडी गायची ती सोडून थेट घोड्यावर गेली. बायांचे हात थांबले. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. पण बोलणार कोण? त्यांनी घोडा काढला. संध्याकाळी चौकावर झाकलेलं फडकं काढलं तेव्हा म्हातारा भगत भिंतीजवळ गेला, वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "शिडी कुठंय?"

मग मागून एक जण म्हणाला, "देव आता उडी मारून उतरंल."

सगळा मांडव हसला, मीही. भगताने एक नारळ फोडायला लावला आणि तो विषय मिटला. लग्न झालं, जोडपं सुखात आहे. पण घरी आल्यावर नवशी चूल पेटवताना म्हणाली, "तू पण हसलास."

"हसू आलं ते हसलो."

"मला पण आलं असतं," ती म्हणाली, "दुसरीची शिडी राहिली असती तर."

तेव्हापासून ती स्वतःवर पाळत ठेवायला लागली. डाळीत दोनदा मीठ पडलं की म्हणे, बघ, गेली माझी आठवण. शेळी बांधलेली राहिली की, बघ. शेजारच्या शितलला तिच्या आईच्या नावाने हाक मारली की, बघ. मी म्हणायचो, अगं मीठ तू तरुणपणीही दोनदा टाकायचीस. तर त्यावर भांडण.

शितल म्हणजे माझा पुतण्या लाहू, त्याची मुलगी. लाहू आणि त्याची बायको संगीता दोघं चिकूच्या वाड्यांमध्ये कामाला जायची तेव्हा ती आमच्याच अंगणात वाढली. आता डहाणू रोडला कापडाच्या दुकानात कामाला आहे. पाचवीत असल्यापासून तिचं ठरलेलं होतं, "आजी, माझं लगीन तूच लावायचं. दुसरी कोण आली तर मी उभीच राहणार नाही."

दिवाळीनंतर तिचं ठरलं. नवरा मुलगा दिपक, तळासरीकडचा. होळी झाली की लग्न. लाहू आमच्या ओट्यावर येऊन बसला. पाण्याचा तांब्या रिकामा केला, तरी मुद्द्यावर येईना.

"काकी," शेवटी तो म्हणाला, "दिपककडची एक धवलेरी आहे, रखमी म्हणून. नावाजलेली आहे म्हणतात. ती पण येईल. दोघी बसा की."

"दोघी कशाला?" नवशी म्हणाली. "भिंत तेवढी मोठी आहे का तुझी?"

"तसं नाही गं काकी."

"मग कसं?"

लाहू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. "पोरगी एकच आहे मला, काकी."

नवशीला कळलं. मलाही कळलं. ती उठली, आत गेली, पुन्हा बाहेर आली आणि उभ्यानेच म्हणाली, "होळीपर्यंत थांब. होळीला मी तुला सांगेन. मला जमणार नसलं तर रखमीला मीच निरोप धाडीन, तुला लाजायला नको."

लाहू गेला. मी म्हटलं, "गाणं कागदावर उतरवू या. तू सांग, मी लिहितो."

"आणि मांडवात वाचणार कोण? मी? का तू माझ्या मांडीवर बसून वाचणार?"

तेही खरंच. बायांच्या त्या खोलीत पुरुषाचं काम नाही. आणि दुसरी अडचण याहून मोठी होती. चौकाचं गाणं लग्नावाचून गायचं नाही. घरात बसून, शेळ्यांमागे फिरताना, सहज म्हणून सुद्धा नाही. गायलं की देव उठतात, आणि उठून बघतात तर लग्न नाही, मांडव नाही. म्हणजे तिला तालीमही करता येणार नव्हती. गाणं आहे की गेलं हे फक्त लग्नातच कळणार.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. आमच्या पाड्यापासून चालत जाता येईल एवढ्यावर आरोग्य केंद्र आहे. तिथे प्राजक्ता मॅडम बसते. डहाणू रोडहून स्कूटीवर येते, तरुण आहे, आवाज मोठा आहे, आणि सुई हळू टोचते म्हणून म्हातारी माणसं तिच्यावर खूश असतात.

"मॅडम," नवशी म्हणाली, "आठवणीची सुई दे."

"आठवणीची?"

"होय. महाग असली तरी दे. याच्याकडून दोन कोंबड्या घे."

मॅडम हसली नाही. तिने नवशीचा रक्तदाब बघितला, रक्त तपासायला घेतलं, झोप कशी लागते विचारलं. मग म्हणाली, "आजी, मी पाच शब्द सांगते. थोड्या वेळाने परत विचारीन. आंबा, छत्री, मांजर, बाजार, खिडकी."

मग ती दुसरंच बोलत बसली. शेळ्या किती, पोरगा कुठे असतो, भात कसं झालं. आणि एकदम विचारलं, "हां, काय शब्द होते?"

"आंबा," नवशी म्हणाली. "आंबा... आणि मांजर. तुझं मांजर आंबा खात होतं का?"

"बाकीचे?"

"बाकीचे तू सांगत होतीस तेव्हा मी त्या पंख्याकडे बघत होते. त्याचं एक पातं वाकडं आहे. पडेल कोणाच्या डोक्यात."

आम्ही तिघांनी वर बघितलं. पातं वाकडं होतंच.

मॅडम म्हणाली, "आजी, रक्ताचा अहवाल येऊ दे, मग नीट सांगते. पण मला वाटतं शब्द तुमच्या डोक्यातून गेले नाहीत. ते आत शिरलेच नाहीत. तुमचं लक्ष पंख्याकडे होतं. लग्नात गाताना पण असंच होतं का?"

नवशी हळू आवाजात म्हणाली, "शिडी राहिली तेव्हा बाहेर पोरांनी ते गाण्याचे मोठे डबे आणले होते. दार केवढं, डबा केवढा, आत शिरंल कसा, ते मी बघत होते. तोंड आपलं गात होतं."

"उद्यापासून सकाळी इथे ओटीवर या. आम्ही योग सुरू करतोय. त्याने गेलेली आठवण परत येते असं मी म्हणणार नाही, तसं औषध नाही ते. पण रोज केलं तर लक्ष टिकायला मदत होते, मन शांत राहतं. करून बघा."

घरी येताना नवशी म्हणाली, "भाताच्या आवणीला दिवसभर वाकायचं ते कमी पडलं होतं का? आता सकाळी उठून आणखी वाकायचं?" पण दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत तिनेच मला उठवलं. एकटीला लाज वाटत होती.

पहिले काही दिवस काय मजा झाली ते सांगतो. ओटीवर आम्ही सगळी म्हातारी माणसं, दोन-चार बाळंतीण झालेल्या पोरी, आणि संगीता. मॅडम म्हणाली, आता ताडासन. मी वर बघितलं, मडकं कुठे बांधलंय म्हणून. हात वर करून टाचा उचलायच्या होत्या. मग एका पायावर उभं राहायचं. आमची माणसं बांधावरून चालून चालून तयार झालेली, तिथे कोणी पडलं नाही. शेवटी मॅडम म्हणाली, "आता शवासन. मढ्यासारखं सरळ आडवं व्हायचं, हात सैल."

एकही बाई आडवी होईना.

"काय झालं?"

"जिवंतपणी मढं कशाला व्हायचं?" नवशी म्हणाली. "वेळ येईल तेव्हा होऊच की. तेव्हा शिकवायला पण लागणार नाही."

मॅडमने डोक्याला हात लावला. मग थोडा विचार करून म्हणाली, "बरं. खळ्यात भात पसरतो ना वाळायला? तसं पसरा."

सगळ्या बाया लगेच पसरल्या. थोड्या वेळात निम्म्या घोरायला लागल्या.

खरा गोंधळ झाला तो श्वासाचा. मॅडमने नाकाने भराभर श्वास सोडायला सांगितला. फस्, फस्, फस्. आता आमच्याकडे डोळे मिटून असा श्वास कोण घेतं? ज्याच्या अंगात वारं येतं तो. संगीताने डोळे मिटले, दहा-वीस श्वास घेतले आणि ती डुलायला लागली. तिच्या शेजारचीने ते बघितलं आणि हात जोडले. मग तिच्या शेजारचीने. एकीने पुढे होऊन विचारलंसुद्धा, "देवा, माझी म्हैस कधी वेणार?"

संगीता डोळे मिटूनच म्हणाली, "मला चक्कर येतेय."

"काय म्हणाला देव?" मागची विचारते.

"चक्कर येतेय म्हणतो."

मॅडम धावली, संगीताला भिंतीला टेकवून बसवलं, पाणी दिलं. स्वतःच म्हणाली, "घाई माझीच झाली. हे तुम्हाला आज द्यायलाच नको होतं." त्या दिवसापासून भराभर श्वास बंद झाला. फक्त सावकाश. पण म्हैस चार दिवसांनी व्याली, आणि ती बाई आजही म्हणते की देवाने चक्कर म्हटलं त्याचा अर्थ तिला तेव्हाच कळला होता.

सावकाश श्वास म्हणजे काही करायचंच नाही. बसायचं आणि श्वास येतो कसा, जातो कसा ते बघायचं. मला हे सोपं वाटलं, कारण मला झोप यायची. नवशीला फार कठीण गेलं. पहिल्या दिवशी ती उठली ती रागानेच.

"मन एका जागी बसत नाही. श्वास बघते तर शेळी दिसते. शेळी हाकलते तर लाहू दिसतो, अंगठ्याने जमीन उकरणारा."

"मग काय केलंत?" मॅडमने विचारलं.

"मनाला शिव्या दिल्या."

"शिव्या नका देऊ. मन जाणारच, त्याचं कामच ते आहे. फक्त गेलं की आपल्याला कळलं पाहिजे. कळलं की परत आणायचं. पुन्हा गेलं, पुन्हा आणायचं. योग म्हणजे एवढंच, आजी. न जाणं नाही. परत आणणं."

"मग दिवसभर तेच करत बसू?"

"हो," मॅडम म्हणाली. "तेच."

नवशीला हे काही पटलं नाही. पण रक्ताचा अहवाल ठीक आला होता, थोडी अशक्तपणाची गोळी सोडली तर दुसरं औषध नव्हतं, आणि होळी तर जवळ येत होती. ती जात राहिली. थंडी सरली, गवताची कापणी संपली, मोहाची फुलं पडायला लागली. ती जातच राहिली.

तिच्यात काय बदल झाला हे मला आधी जेवताना कळलं. ती मुकाट्याने भाकरी थापायला लागली. म्हणजे आधी ती भाकरी थापता थापता अंगणात कोण गेलं, कोणाची गाडी वाजली, सगळ्याची दखल घ्यायची. आता ती भाकरीकडे बघायची. मी विचारलं, "रागावलीस का?"

"नाही. भाकरी करतेय."

"ते दिसतंय."

"तुला दिसतंय. मला आत्ता दिसायला लागलं."

एकदा ती श्वास बघून उठली आणि मॅडमला म्हणाली, "मला एक कळलं. माझी आई गायची ना, ती फणी गायच्या आधी फणी बघायची. डोळ्यांसमोर आणायची. तिची स्वतःची लाकडाची फणी होती, एक दात तुटलेली. मग गायची. मी पण आधी तसंच करायचे. मग इतकी लग्नं झाली की बघायचं सोडून दिलं. तोंडाला पाठ झालं होतं, कशाला बघू?"

मॅडम म्हणाली, "मग आता बघा. बघायला तर मनाई नाही ना? गायचं नाही एवढंच."

नवशीने माझ्याकडे बघितलं. भगताला विचारायला हवं, असा तिचा चेहरा होता. मी म्हटलं, "मनात बघितलेल्याला देव उठत नसणार. मनात आपण काय काय बघतो."

ती खळखळून हसली. "तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. ताडीचं मडकं."

त्यानंतर ती रोज भातासारखी पसरली की मनातल्या मनात बघायची. सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोडा, ताडाचं झाड, धान्याची कणसरी देवी. गायची नाही. नुसतं एकेकापाशी थांबायची. कधी मधेच मन निघून जायचं, ती परत आणायची, आणि जिथून गेलं तिथूनच पुढे.

होळीच्या आदल्या दिवशी मॅडमने पुन्हा पाच शब्द विचारले, वेगळे. नवशीने चार सांगितले. पाचवा आठवेना. मला वाटलं आता ही हिरमुसणार. पण ती म्हणाली, "एक राहिला. तो तू सांगत होतीस तेव्हा बाहेर कुत्रा भुंकला. माझं मन कुत्र्याकडे गेलं, ते मला कळलं, पण मी आणेपर्यंत तू शब्द बोलून मोकळी झाली होतीस."

"आजी," मॅडम म्हणाली, "मला चारपेक्षा हे जास्त आवडलं."

होळीच्या रात्री जाळाभोवती नाच झाला आणि सकाळी लाहू आला. नवशीने त्याला राख लावली आणि म्हणाली, "मी बसते. रखमीला पण बोलव, पाव्हणी आहे. पण चौक मी गाणार."

"आणि काकी, समज..."

"समज कशाला? चुकले तर चुकले. सगळ्यांसमोर चुकेन, लपवणार नाही. चालतंय का बोल."

लाहूच्या तोंडावर सगळं दिसत होतं. पोरीची काळजी होती आणि काकीची मायाही होती. शितल दारातूनच ओरडली, "बाबा, चालतंय म्हण!"

"चालतंय," लाहू म्हणाला.

चौकाच्या दिवशी सकाळपासून लाहूच्या घराची भिंत शेणाने सारवून, गेरूने लाल करून ठेवली होती. रखमी तळासरीहून रिक्षा करून आली. आडव्या अंगाची बाई, कपाळाला मोठं कुंकू, आणि बोलण्यात कोणाला ऐकणारी नाही. आल्या आल्या तिने नवशीकडे बघितलं.

"तूच का ती शिडीवाली?"

नवशी म्हणाली, "होय, मीच. बस. पाय दुखत असतील तुझे, एवढं वजन आणलंस."

रखमी हसायला लागली ती थांबेचना. दोघी एकाच चटईवर बसल्या. प्राजक्ता मॅडमही आली होती, नवी साडी नेसून. तिला बायांनी आत घेतलं. मी दाराबाहेर उभा होतो, जिथे पुरुषांना उभं राहता येतं आणि ऐकू येतं तिथे. लाहू माझ्या शेजारी.

नवशी गायला लागली. सूर्य गायली. मला आतलं दिसत नव्हतं, पण बायांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, म्हणजे हात चालले होते. चंद्र गायली. आवाज म्हातारा झाला आहे, वर जाताना थोडा फाटतो, पण घाई नव्हती. फणी गायली. मग शिडी. लाहूने माझा हात घट्ट धरला, जसं काही ती शिडी आम्हीच धरून होतो. शिडी झाली, तसा त्याने सोडला. घोडा झाला. ताडाचं झाड झालं. मला वाटलं, आता निभावलं.

तेवढ्यात अंगणात पोरांनी आवाजाचे डबे जोडले. भोंग्यातून एकदम, "हॅलो, हॅलो, चेक, चेक," असं झालं आणि पाठोपाठ गाण्याचा एक मोठा धमाका. लाहू धावला, शिव्या घालत. आवाज बंद झाला.

आतलं गाणंही थांबलं होतं.

बांगड्याही थांबल्या. मी दारातून डोकं आत घातलं, रीत असो नसो. नवशी डोळे मिटून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर. बायांच्या हातातल्या काड्यांवरून पीठ खाली ठिबकत होतं. रखमी शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होती आणि तिचं स्वतःचं तोंड उघडलं होतं. तिला बोलायचा हक्क होता. तिने फक्त पुढचा शब्द उचलायचा होता, आणि चौक तिचा झाला असता.

नवशीने एक श्वास घेतला, सोडला. दुसरा घेतला.

संगीताने ते बघितलं. मिटलेले डोळे, संथ श्वास, स्तब्ध अंग. तिने पिठाची वाटी खाली ठेवली, हात जोडले आणि कुजबुजली, "आली. देवी आली."

नवशीने एक डोळा उघडला. "देवी नाही गं बाय, मीच आहे. माझं मन मांडवाबाहेर गेलं होतं, त्या डब्यांपाशी. कुठे होते मी? ताडापाशी. झाड उभं राहिलंय, आता त्याच्या खालचं बघायचंय. थांबा, घाई नाही. येतेय."

पहिल्यांदा हसली ती प्राजक्ता मॅडम. तोंडावर पदर धरून हसली आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग सगळ्या बाया. संगीता तर हसता हसता भिंतीला टेकली आणि तिच्या पाठीवर चंद्र उमटला. तो मग पुन्हा काढावा लागला. रखमीने आपलं तोंड मिटलं होतं.

नवशीने पुन्हा डोळे मिटले, आणि ताडाखालून गाणं उचललं. कणसरी आली, हिरवा देव आला, वाघ्या देव आला, कोणी राहिलं नाही. शेवटची ओळ गायली तेव्हा तिचा आवाज फाटला नाही.

संध्याकाळी फडकं काढलं. भगत भिंतीजवळ गेला. वर बघितलं, खाली बघितलं. मग बाजूला होऊन म्हणाला, "चहा आणा." याहून जास्त स्तुती त्याने उभ्या जन्मात कोणाची केली नाही.

लाहू नवशीच्या पायाशी येऊन बसला. "काकी, उद्याचं लगीन पण तूच लावायचं. एकटीने. मी चुकलो तुला बोलायला."

मला वाटलं आता ही मान ताठ करणार. एवढे महिने याच्यासाठीच तर पहाटे उठली होती. पण ती रखमीकडे बघत होती. रखमी कोपऱ्यात बसून पान लावत होती. आज ती पाव्हणी म्हणून आली होती, एक शब्दही गायली नव्हती.

"रखमी," नवशी म्हणाली, "तू आज तोंड उघडलंस आणि बोलली नाहीस. का?"

रखमीने पान गालात ठेवलं. "तू एवढी शांत बसली होतीस की मला वाटलं हिला आठवतंय, आपण कशाला मधे पडा." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू का, बाय? त्या धमाक्याने माझं पण गेलं होतं. मी कुठे उचलणार होते? मला पण ताड की वाघ्या ते कळेना."

आता हसायची पाळी नवशीची होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मॅडमने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"तू एकटीच आहेस का गं अशी?" रखमीने विचारलं. "आमच्या तिकडच्या लग्नात मी दोनदा देव उलटसुलट बोलावले. कोणाला कळलं नाही, कारण माझा आवाज मोठा आहे."

"मग उद्या आपण दोघी गाऊ," नवशी म्हणाली. "एकीचं मन गेलं तर दुसरी बसलेली असेल."

लाहूने डोकं खाजवलं. "काकी, तूच तर म्हणाली होतीस, भिंत तेवढी मोठी आहे का म्हणून."

"उद्या भिंत नाही, मांडव आहे. मांडव मोठा आहे."

लग्नाच्या दिवशी दोघी एका चटईवर, खांद्याला खांदा लावून बसल्या. सुरुवातीलाच भांडण झालं, सूर कोणाचा धरायचा यावरून. रखमीचा वर, नवशीचा खाली. दिपककडची माणसं अस्वस्थ झाली, मुहूर्त निघून जाईल म्हणून. शितल डोक्यावरच्या पदराआडून म्हणाली, "आजी, मी म्हातारी होईन इथेच." मग दोघींनी मधला सूर धरला, जो दोघींपैकी कोणाचाच नव्हता. थोडा वेळ तो अडखळला आणि मग बसला.

मी बाहेर केळीची पानं मांडत होतो. दोन म्हातारे आवाज एकात एक मिसळून येत होते. मधे एकदा एक आवाज थांबला. कोणाचा ते मी ओळखलं नाही. दुसरा चालूच राहिला, आणि दोन ओळींनी पहिला परत आला.

पंगतीत बसलेले लोक जेवता जेवता ऐकत होते. मीही पंगतीत बसलो. लाहू गाण्याकडे कान लावून डाळ वाढत वाढत माझ्यापर्यंत आला आणि त्याने माझ्या पानावर डाळ दोनदा वाढली.